गेनबाचं ओलं चित्र

खंडेनवमीच्या सकाळी विभावरीने पुरणाची डाळ शिजायला लावली आणि मनाशी ठरवलं, की आज आपण फार आनंदात दिसायचं. गेले तीन आठवडे ती हेच करत होती. पण आज बघणारे जास्त होते.

तीन आठवड्यांपूर्वी तिच्या नणंदेने, लतिकाने, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, बिस्किट चहात बुडवता बुडवता "मी लग्न करतेय" असं सांगून टाकलं होतं. बिस्किट चहात पडलं आणि घरात दोन पक्ष पडले. विरोधात विभावरीचा नवरा राजाभाऊ आणि मुलगा सुजीत. बाजूने सून मैथिली आणि नात ईशानी. विभावरीने त्याच संध्याकाळी उम्म अल कुवैनमधल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, त्यामुळे तिच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

नवरदेव रशियन होता. नाव गेन्नादी आर्सेन्येविच. ते म्हणता म्हणता जीभ दुखते असं सांगून राजाभाऊंनी पहिल्याच दिवशी त्याचा गेनबा केला, आणि आता खुद्द लतिकाही त्याला त्याच नावाने हाक मारत असे. गेनबा चित्रकार होता. चित्रकार म्हणजे माणसांची, देवांची चित्रं काढणारा नव्हे. नदी, चिखल, आभाळ, एवढंच. सगळा जन्म त्याने त्यात घालवला होता.

त्याचा बाप व्होल्गाकाठच्या एका गावात नाटकाचे पडदे रंगवायचा, आणि गेनबाचं बालपण रंगवलेल्या जंगलाच्या मागे झोपण्यात गेलं. पुढे लेनिनग्राडला शिकला, परत आला आणि एकच नदी सगळ्या ऋतूंत रंगवत बसला. त्याची पहिली बायको एक दिवस त्याला म्हणाली, "तू नदीकडे बघतोस तसं एकदा तरी माझ्याकडे बघितलंस का?" त्याने विचार करायला वेळ मागितला, तोवर ती गेली. मग दुबईतल्या एका रशियन हॉटेलवाल्याने त्याला भिंतभर बर्फ आणि बर्चची झाडं रंगवायला बोलावलं. हॉटेल बुडालं, भिंतीपुढे कुणी मोबाइलची खोकी रचली, आणि गेनबा इथेच राहिला. गावच्या आठवणीने हळवे होणारे रशियन त्याच्याकडून अजून बर्च रंगवून घेत. त्यांना तो 'पोटाची झाडं' म्हणायचा आणि त्यावर सही करायचा नाही. सही करायचा ती उम्म अल कुवैनच्या खाडीच्या चित्रांवर, जी कुणीही विकत घेत नसे.

त्याचा एक नियम होता. समोर दिसेल तेच काढायचं, आणि तेही तिथेच उभं राहून. आठवणीतून काही नाही. उजाडायच्या आधी किनाऱ्यावर कॅनव्हासची तीन पायांची घोडी मांडायची, उजेड बदलेपर्यंत रंगवायचं आणि खलास. वाऱ्याने वाळू उडून रंगात बसली तर ती राहू द्यायची. डास चिकटला तर तोही राहू द्यायचा.

विभावरी आणि लतिका रोज पहाटे त्याच किनाऱ्यावर फिरायला जात. एक दिवस लतिकाने, तीस वर्षं गणित शिकवल्यामुळे राहवलं नाही म्हणून, त्याच्यामागे उभं राहून सांगितलं, "युअर होरायझन इज क्रुकेड." त्याने बघितलं. घोडीचा एक पाय वाळूत रुतला होता. त्याने पाय नीट केला, तिच्याकडे बघितलं, आणि पुढचं सगळं झालं. विभावरी तेव्हा चार पावलं पुढे चपलेतली वाळू झटकत होती. त्याबद्दल ती स्वतःला अजून माफ करू शकली नव्हती.

कारण खरं सांगायचं तर हे लग्न तिला नको होतं. मनापासून नको होतं. लतिका त्यांच्याकडे राहायला आली तेव्हा सुरुवातीची वर्षं दोघींनी भांडण्यात घालवली होती, चहात आलं किती आणि एसी किती या दोन विषयांवर. मग दोघींनी भांडण किनाऱ्यावर न्यायचं ठरवलं, म्हणजे घरात शांतता राहील. हळूहळू भांडणं संपली आणि फिरणं उरलं. घरात बोलता न येणारं सगळं तिथे बोलून व्हायचं. छातीतल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता तेव्हा विभावरी राजाभाऊंना काही बोलली नव्हती, लतिकाला बोलली होती. आणि आता हा माणूस तिला डोंगरापलीकडच्या खोर फक्कानला न्यायला निघाला होता, कारण म्हणे सपाट वाळू रंगवून झाली, आता त्याला डोंगर आणि समुद्र एकत्र हवे होते.

खोर फक्कान काही चंद्रावर नव्हतं. पण विभावरीला गाडी येत नव्हती, आणि राजाभाऊ पेट्रोलचा काटा बघितल्याशिवाय कोपऱ्यावरच्या बकाल्यात वाणसामानालासुद्धा जात नसत.

त्या पेढ्यांच्या दुसऱ्या दिवसापासून विभावरीचा गुडघा दुखायला लागला होता. लतिका एकटीच फिरायला जाई.

आजच्या जेवणाचा घाट राजाभाऊंनी घातला होता. "नवमीला बोलवा त्याला. बघू तरी कसा आहे. शेवटचा शब्द विभाचा," असं त्यांनी जाहीर केलं होतं. संसाराच्या एवढ्या वर्षांत त्यांनी कुठल्याच गोष्टीला स्वतः हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. आणि परवा कपडे वाळत घालताना लतिका म्हणाली होती, "वहिनी, दादाचं मला काही नाही. तू मनापासून सांगशील तरच मी जाईन. तोंडदेखलं नको हं. मला कळतं."

तेव्हा विभावरीने चादरीआड तोंड लपवलं होतं.

साडेनऊला गेनबा आला तो किनाऱ्यावरून थेट. पँटला चिखल, एका हातात रंगांची पेटी, दुसऱ्या हातात अजून ओलं असलेलं चित्र. लतिकाने ते टीव्हीच्या शेजारी भिंतीला टेकवलं आणि मोठ्याने बजावलं, "ओलं आहे. कुणी हात लावायचा नाही. दादा-वहिनीसाठी आहे."

"कशाचं आहे?" सुजीत म्हणाला.

"खाडीचं."

"परत?"

राजाभाऊ गेनबाकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत म्हणाले, "चलो गेनबा, मेरा वर्कशॉप दिखाता हूँ. उधर पूजा है." इंडस्ट्रियल एरियात त्यांचं एसी दुरुस्तीचं दुकान होतं, आणि नवमीला तिथल्या मशिनींना हार घातल्याशिवाय ते पाणी पीत नसत. माणसाची पारख एकट्यात करावी असा त्यांचा बेत असावा. गेनबा पुरणाच्या वासाकडे एकदा वळून बघत त्यांच्यामागे गेला.

"आत्याला म्हातारपणी आधार हवा हे मला कळतं गं," सुजीत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हळू आवाजात बोलत होता, "पण मंडळात लोक विचारतात. काय सांगायचं? नवरा काय करतो, तर चिखल काढतो."

"तुझे मंडळातले मित्र काय करतात?" मैथिली म्हणाली. "एक्सेल शीट काढतात. चिखल निदान भिंतीवर लावता तरी येतो."

"तू त्या सोफ्याच्या मागच्या भिंतीसाठी आत्याचं लग्न लावतेयस."

"हो. मग?"

"डॅड, शी इज फिफ्टी एट. शी कॅन मॅरी अ कॅमल इफ शी वॉन्ट्स," ईशानी फोनमधून डोकं न काढता म्हणाली.

लतिका ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. तिच्या पाठीवरून सगळं ऐकू जातंय हे दिसत होतं. "आई, तुम्ही काहीतरी बोला ना," मैथिली म्हणाली. विभावरीने आनंदी चेहरा केला, "मी पूजा करून येते," म्हणाली आणि हळद-कुंकवाचं तबक उचलून दिवाणखान्यात सटकली.

तिथे तिने सकाळीच पाट मांडून ठेवला होता. राजाभाऊंचे गॅसचे गेज, सुजीतचा लॅपटॉप, मैथिलीचा एअर फ्रायर, ईशानीचा टॅब, लतिकाचा शाळेतला लाकडी कंपास. एकेकाला हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. शेवटी गेनबाची रंगांची पेटी राहिली. विभावरी थबकली. नको असलेला असला, तरी पाहुणा आपली हत्यारं घेऊन आपल्या घरी आलाय, आणि नवमीला ती तशीच सोडायची? हे तिच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. तिने पेटीला बोट लावलं, ब्रशांवर अक्षता टाकल्या. मग चित्राकडे वळली.

चित्र मोठं होतं आणि त्यात काहीही नव्हतं. खाली करडी वाळू, मध्ये पाण्याची एक पट्टी, लांबवर खारफुटीची काळसर रेघ, बाकी सगळं आभाळ. ती रोज बघायची ते हेच. बघताना कधी एवढं रिकामं वाटलं नव्हतं.

आणि वाळूवर दोन डास.

ती खाली वाकली. अगदी शेजारी शेजारी चिकटले होते, काळे, बारके. ते राहू द्यायची पद्धत तिला ठाऊक होती, लतिकाने ती शंभरदा कौतुकाने सांगितली होती. पण ते त्याच्या घरी. इथे नवमीच्या दिवशी, घरात नव्याने आलेल्या वस्तूवर, मेलेले डास ठेवून पूजा करायची? विभावरीने खांद्यावरच्या फडक्याचं टोक ओलं केलं आणि नखाने हलकेच दोन्ही डास काढून टाकले. छान निघाले. डाग पडला तोही तिने पुसून वाळूसारखा करून टाकला. मग वर आभाळाच्या मधोमध हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं आणि अक्षता वाहिल्या.

अक्षता खाली पडल्या नाहीत. आभाळातच राहिल्या.

तिने बोट बघितलं. निळं झालं होतं. चित्र येऊन दोन तास झाले होते, दोन तासांत अख्खी भिंत वाळते, असा तिचा हिशेब होता. आता काहीतरी भयंकर झालंय हे तिला कळलं, आणि त्याच क्षणी पोटात कुठेतरी छोटासा आनंद झाला. बरं झालं. आता तो चिडेल, रशियनमध्ये ओरडेल, लतिका पण बघेल हा कसा आहे ते. आनंद झाल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली. पण झाला होता, त्याला काय करणार.

"ओ माय गॉड, आजी!" ईशानी दारातून ओरडली. "इट्स रेनिंग राइस!"

मग सगळे धावले. मैथिलीने तोंडावर हात ठेवला. सुजीत म्हणाला, "आई, अगं ऑइल पेंटिंग आहे ते! आठ-आठ दिवस वाळत नाही!" आणि लगेच विरोधी पक्षातून उठून इकडे आला, "आत्या, बिचाऱ्याची मेहनत गं." मैथिली चिमट्याने तांदूळ उचलू का म्हणाली. लतिका लाटणं घेऊनच आली. तिने चित्र बघितलं, मग विभावरीकडे बघितलं.

"मी सांगितलं होतं, ओलं आहे."

"मला वाटलं वाळलं असेल."

"वहिनी, मुद्दाम केलंस?"

"अगं, खंडेनवमी आहे! हात आपोआप गेला!"

"तुझा हात आपोआप गेला, तुझा गुडघा आपोआप दुखला. पेढे पण आपोआप वाटलेस का?"

इतक्यात दार उघडलं आणि राजाभाऊंचं हसणं आधी आत आलं.

"अगं विभा, हा माणूस लाख आहे!" ते चपला काढता काढताच सुरू झाले. "ह्युमिडिटी! याचा रंग ह्युमिडिटीमुळे वाळत नाही! मी याला तासभर ह्युमिडिटी समजावली. तासभर! एकदासुद्धा जांभई दिली नाही. वर प्रश्न विचारले! आपल्या घरात मला कुणी कधी एक प्रश्न विचारलाय?" मागे गेनबा उभा होता. कपाळभर कुंकू, गळ्यात कॉम्प्रेसरवरून उरलेला झेंडूचा हार, आणि चेहऱ्यावर भुकेल्या माणसाचं हसू.

गेनबाने सगळ्यांचे चेहरे बघितले, मग त्यांच्या नजरेमागून चित्र बघितलं.

तो हसला. पोट धरून हसला. "चावल!" तो म्हणाला. हिंदी त्याला फ्रेमवाल्या जहूरने शिकवली होती, त्यामुळे तिच्यात व्याकरण कमी आणि आपुलकी जास्त होती. "आसमान में चावल! व्हेरी गुड. चावल रहेगा. लाल भी रहेगा. आज का दिन है ना, भाभी? दिन ने दिया."

सुजीतने सुटकेचा निःश्वास सोडला. मैथिलीने चिमटा लपवला. विभावरीचा तो लपवलेला आनंद जागच्या जागी मेला, आणि खरं तर तिला बरंच वाटलं. चिडणाऱ्या माणसाशी लढता तरी आलं असतं. या माणसाचं काय करायचं?

गेनबा गुडघ्यावर बसला होता. खिशातला चष्मा काढून त्याने डोळ्यांवर चढवला आणि चित्राला नाक लावलं. वाळूवरून डावीकडून उजवीकडे गेला. परत आला. त्याचं हसू गेलं.

"भाभी," त्याने मान वर करून विचारलं. "लेडीज किधर?"

"कोण लेडीज?" विभावरी म्हणाली.

"इधर. दो लेडी."

"तिथे डास होते. मच्छर. दो मच्छर. मैंने साफ किया."

लतिकाने लाटणं सोफ्यावर ठेवलं. "वहिनी," ती म्हणाली, "ते डास नव्हते गं."

"मग?"

"तू आणि मी."

विभावरीने फडक्याच्या टोकाकडे बघितलं. त्यावर एक काळा डाग होता. त्यात ती कुठली आणि लतिका कुठली हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"पण हा तर माणसं काढत नाही," ती शेवटी म्हणाली. "तूच सांगितलंस. जन्मात काढलं नाही."

"नाही काढलं. आज काढलं." लतिका गेनबाकडे वळली. "पण गेनबा, तू तर बघितल्याशिवाय काढत नाहीस. आज तर मी एकटीच होते. वहिनी कुठे आली होती?"

गेनबाला प्रश्न कळला. तो ओशाळला, नियम मोडताना पकडलेल्या शाळकरी पोरासारखा. "तीन हफ्ता वेट किया," तो म्हणाला. "रोज. भाभी नहीं आया. लतिका अकेला आया. अकेला लेडी, पिक्चर खराब. रेत बहुत बड़ा हो जाता." त्याने कपाळावरच्या कुंकवाजवळ बोट ठेवलं. "तो आज... याद से."

त्याने नदी काढली होती, झाडं काढली होती, बायको गेली तरी तिचं चित्र काढलं नव्हतं. आणि या घरातली जी बाई तीन आठवडे त्याचं वाईट चिंतत होती, ती आली नाही म्हणून त्याला वाळू मोठी दिसली होती. विभावरी सोफ्यावर बसली, लाटण्यावरच बसली, आणि उठलीही नाही.

"मला नको होतं हे लग्न," ती म्हणाली. "सगळे ऐका. पेढे खोटे होते. गुडघा खोटा होता."

"आई!" सुजीत म्हणाला.

"तू गप. सकाळपर्यंत तुलाही नको होतं." तिने लतिकाकडे बघितलं. "तुला तोंडदेखलं नको ना? मग मनापासून सांगते. मनापासून विचारशील तर जाऊ नकोस. तू गेलीस की या घरात मी आणि ह्युमिडिटी. मी कुणाशी बोलू? पुन्हा गाठ आली तर रिपोर्ट कुणाला दाखवू?"

"कसली गाठ?" राजाभाऊ म्हणाले.

"झाली बरी, जुनी गोष्ट आहे. नंतर सांगते." ती रडत होती, आणि पदराऐवजी तेच रंगाचं फडकं डोळ्यांना लावत होती. "मनापासून नको आहे, लतिका. आणि मनापासून सांगते, जा. जो माणूस मी नसताना मला काढतो, त्याला मी काय म्हणून नाही म्हणू?"

लतिका तिच्या शेजारी येऊन बसली. विभावरीच्या गालावर करडी वाळू लागली होती, ती लतिकाने अंगठ्याने पुसली.

"एवढंच ऐकायचं होतं मला," ती म्हणाली. "नको जाऊस, एवढं तरी कुणीतरी म्हणावं. सगळे आपले हो म्हणत होते नाहीतर नाही म्हणत होते."

राजाभाऊंनी घसा साफ केला. "म्हणजे मग विभाचं हो आहे असं धरायचं ना? मग माझंही."

"आजोबा, ब्रेव्ह," ईशानी म्हणाली.

मैथिलीने पानं घ्यायला सुरुवात केली. गेनबा अजून चित्रासमोरच होता. त्याने ब्रशांवरच्या अक्षता फुंकल्या नाहीत, एक ब्रश तसाच उचलला, वाळूपाशी नेला आणि खाली ठेवला.

"दूसरा टाइम याद से नहीं होगा," तो म्हणाला. "भाभी को आना पड़ेगा. कल सुबह. दोनों."

"उद्या दसरा आहे," राजाभाऊ म्हणाले. "सकाळी केवढी कामं असतात."

"सीमोल्लंघन असतं दसऱ्याला, कामं नंतर," विभावरी म्हणाली. तिने अंगाखालचं लाटणं काढून लतिकाच्या हातात दिलं. "त्याला एक विचार. त्या दोघींतली जाड कोण होती?"

लतिकाने विचारलं. गेनबाने दोघींकडे बघितलं, पहिल्या लग्नात जे सुचलं नव्हतं ते त्याला या वेळी पटकन सुचलं, आणि उत्तर न देता तो पुरणपोळीच्या ताटावर जाऊन बसला.

विभावरी आत गेली. चपलांच्या कपाटात मागे ढकललेले फिरायचे बूट तिने शोधून काढले, त्यातली जुनी वाळू बेसिनमध्ये झटकली आणि ते दाराशी लतिकाच्या बुटांशेजारी ठेवले.

"गुडघा?" लतिकाने मागून विचारलं.

"बरा आहे," विभावरी म्हणाली. "पण उद्या हळू चाल. अगदी हळू. त्याचं काढून होईपर्यंत आपलं चालणं पुरायला हवं."